यश कशानं मिळतं: हुशारी, नशीब की मेहनत? हिशेब मांडून बोलूया

ओंकारेश्वर_घाट (धागाकर्ती)

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात शास्त्री रोडपासून सदाशिव पेठेपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर दोनच वाक्यं ऐकू येतात. ज्याचं झालं त्याच्याबद्दल, "बारा-बारा तास बसला होता, चीज झालं." ज्याचं दीड गुणानं हुकलं त्याच्याबद्दल, "नशीबच आडवं आलं." परीक्षा एकच, पेपर एकच, अभ्यासिकाही बहुतेक एकच. मग एकाचं यश मेहनतीचं आणि दुसऱ्याचं अपयश नशिबाचं, हे कसं?

ही चर्चा दरवेळी म्हणींवर येऊन थांबते. एक जण म्हणतो प्रयत्नांती परमेश्वर, दुसरा म्हणतो कावळा बसायला आणि फांदी तुटायला. इथे निरनिराळ्या कामांतली जाणती माणसं आहेत. आपल्या कामात नशीब नेमकं कुठे शिरतं, मेहनत कुठे वाया जाते, अंगचं काय लागतं, ते दाखवा. मोजता येत असेल तर मोजून दाखवा. मामेभावाच्या कहाण्या नकोत. वाचणाऱ्याला उद्या करून बघता येईल असं लिहा.

आडातला_पोहरा

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वचा (म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेचा) पहिला पेपर घेऊ, कारण तिथे नशीब कागदावर मोजता येतं. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला एक चतुर्थांश वजा, म्हणजे अर्धा गुण.

एखाद्या प्रश्नात दोन पर्याय नक्की कटले आणि उरलेल्या दोनांत अडकलात. ठोकून दिलं तर निम्म्या वेळा अधिक २, निम्म्या वेळा उणे अर्धा. सरासरी पाऊण गुण. एकच पर्याय कटला असेल तर सरासरी एक तृतीयांश गुण. काहीच कटलं नसेल तरी एक अष्टमांश गुण पदरात पडतो. यूपीएससीच्या पूर्वला वजावट एक तृतीयांश असते, तिथे आंधळ्या तुक्क्याची सरासरी बरोबर शून्य येते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी एकीची सवय दुसरीत नेऊ नये.

ही झाली सरासरी. नशीब राहतं ते सरासरीच्या आजूबाजूला. चांगल्या तयारीच्या उमेदवाराच्या पेपरात असे दोनांत अडकलेले वीस प्रश्न धरू. दहा बरोबर आले तर १५ गुण. तेरा आले तर साडेबावीस. सातच आले तर साडेसात. नाणं वीसदा उडवलं तर तेरा किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता शंभरात तेरा. सात किंवा कमी पडण्याचीही तेवढीच. म्हणजे अगदी सारखं येणारे शंभर जण बसवले, तर त्यांतले तेरा जण साडेबावीस किंवा वर, आणि तेरा जण साडेसात किंवा खाली. मधलं अंतर पंधरा गुणांचं, आणि दोघांच्या वाचनात एका पानाचाही फरक नाही.

कटऑफवर, म्हणजे निवडीच्या किमान गुणरेषेवर, एकेका गुणाला मुलं दाटीवाटीनं उभी असतात. तिथे हे पंधरा गुण कुणाला कुठे नेऊन ठेवतील, सांगता येत नाही. मात्र ज्याची खरी पातळी कटऑफच्या वीस गुण वर आहे, त्याला हेच नशीब क्वचितच शिवतं. त्यामुळे 'नशिबाचा वाटा किती टक्के' याचं सगळ्यांसाठी एक उत्तर निघत नाही. तुम्ही रेषेपासून किती लांब उभे आहात, त्यावर ते ठरतं.

नवीपेठ_पहाट

म्हणजे शंभरच्या शंभर गोल काळे करून यायचे का? क्लासमध्ये नेमकं उलटं सांगतात, अ‍ॅटेम्प्ट कमी ठेवा म्हणून.

आडातला_पोहरा

वरचा हिशेब निवड खरोखर आंधळी असेल तेव्हाचा. पेपर काढणारा चुकीचा पर्याय असा बेततो की अर्धवट आठवणाऱ्याचा हात तिकडेच जावा. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. दोन्ही वर्षं पर्यायांत ठेवली आणि प्रश्नात 'अंमल' हा शब्द घातला की अर्ध्या तयारीचा माणूस १९६१ वर गोल करून मोकळा होतो. त्याचा अंदाज नाण्यापेक्षाही वाईट ठरतो.

म्हणून सराव पेपरात प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीनं एक खूण करा: न म्हणजे नक्की, २ म्हणजे दोनांत अडकलं, ३ म्हणजे तीनांत, आ म्हणजे आंधळं. पेपर तपासल्यावर खुणेनुसार किती बरोबर आले ते मोजा. पाच-सहा पेपर झाले की चित्र स्वच्छ दिसतं. वजावट पाव असेल तर पाचांत एक बरोबर आला की ना नफा ना तोटा. 'आ' खुणेचं प्रमाण त्याच्या खाली असेल तर ते प्रश्न सोडा. '२' खुणेचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं असेल तर नशिबाला बोल लावू नका, कारण डोक्यात काहीतरी चुकीचं पक्कं बसलंय. 'न' खुणेत शंभरात दहा चुकत असतील तर ते सगळ्यांत धोक्याचं. तिथे आपण परत बघतही नाही.

अजून एक गोष्ट नशिबाच्या खात्यात जाते. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. तुमचा बरोबर आलेला प्रश्न रद्द झाला तर गेला. यावर इलाज एकच: पुराव्याचं पान जोडून मुदतीत हरकत नोंदवणं.

पेशवेपार्क

खुणांची पद्धत आवडली. +१

वहीतली_चूक

मेहनत म्हणजे काय, तेही एकदा ठरवूया. पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास खुर्ची अडवणं म्हणजे बैठक झाली. बैठकीतून अभ्यास निघेलच असं नाही.

रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. पुन्हापुन्हा वाचणाऱ्याला आपल्याला येतंय असं वाटतं, कारण पान ओळखीचं झालेलं असतं. परीक्षेत पान समोर नसतं.

कामाची पद्धत लिहिते. प्रकरण वाचलं की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग पुस्तक उघडून लाल पेननं सुटलेलं भरायचं. लाल भाग तेवढाच पुढच्या उजळणीत घ्यायचा. उजळण्या दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्यानं. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. अंतर वाढत गेलं पाहिजे आणि दरवेळी आठवताना थोडा जोर लागला पाहिजे, एवढं पाळा.

चुकांची वही वेगळी ठेवा, चार रकान्यांची: प्रश्न, मी काय निवडलं, का निवडलं, बरोबर काय. बहुतेक जण तिसरा रकाना कोरा ठेवतात, आणि तोच खरा उपयोगाचा. 'घाईत "अयोग्य" शब्द सुटला' हे एक कारण, '१९६१ आणि १९६२ ची गल्लत' हे दुसरं, 'विषयच वाचला नव्हता' हे तिसरं. तिन्हींवर इलाज वेगळा. पहिल्यावर आणखी वाचून काहीही होत नाही. प्रश्नातल्या 'अयोग्य', 'फक्त', 'नाही' या शब्दांभोवती गोल काढायची सवय हाच त्यावर उपाय.

मायक्रॉन_भोसरी

कारखान्यातल्या टूलरूममधलं (जिथे अचूक मापाचे सुटे भाग बनतात) सांगतो, कारण आमच्याकडे नशिबाला फार जागा नाही. का नाही, ते बघण्यासारखं आहे.

२५ मिलिमीटरची शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, एच सहा फिट (मापातली चालणारी तफावत ठरवणारी खूण). माप २५.००० पासून २४.९८७ पर्यंत चालतं. १३ मायक्रॉनची खिडकी; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेवटचा हात ग्राइंडिंगवर. नवा कारागीर काय करतो? जॉब गरम असतानाच डिजिटल मायक्रोमीटर लावतो. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. जॉब खोलीपेक्षा तीस अंश गरम असेल तर २५ मिलिमीटरला साडेआठ मायक्रॉनची फूग. त्याला २५.००३ दिसतं, तो आणखी पाच मायक्रॉन काढतो, २४.९९८ बघून खूश होतो. जॉब निवला की साडेआठ उतरतात आणि माप २४.९८९ वर येतं. अवघे दोन मायक्रॉन शिल्लक राहून वाचलं. त्याच हातानं पुढचा नग जरा जास्त तापलेला असताना मोजला की गेला भंगारात. दोन्ही वेळा हात तोच, समजूतही तीच. पहिल्याला लोक हातगुण म्हणतात, दुसऱ्याला नशीब.

कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाची, धार नेमकी चाकाच्या तोंडाशी हवी, मोजण्याआधी जॉब निवू द्यायचा, मायक्रोमीटर रोज सकाळी मास्टर रॉडवर (पक्क्या मापाच्या दांड्यावर) शून्य करायचा, आणि मुठीत धरून बसायचा नाही कारण तळव्याच्या उबेनं त्याचीही फ्रेम फुगते. इतकं पाळलं की दोन वर्षांत साधा मुलगाही तयार होतो. इथे चूक केल्यापासून चूक कळेपर्यंत काही मिनिटंच जातात. जिथे चुकीची पावती अशी ताबडतोब मिळते, तिथे मेहनतीचं फळ भरवशाचं असतं. स्पर्धा परीक्षेत पावती वर्षानं येते, तीही एका आकड्यात. कुठे चुकलं ते आकडा सांगत नाही. वरच्या चुकांच्या वहीचं महत्त्व त्यासाठीच: ती तुमचा मायक्रोमीटर आहे.

ठेका_विलंबित

मायक्रॉनदादा, तबल्यात अगदी हेच.

सुरुवातीचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घ्या: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. सोळा मात्रा. ठाय, म्हणजे संथ, लयीत सगळ्यांना येतो. दुगुनीला, म्हणजे दुप्पट वेगात, दोन ठिकाणी तो फाटतो. एक, 'तिट' मधला 'ट' 'ति'च्या अंगावर चढतो. दिल्ली पद्धतीत 'ति' मधल्या बोटाचा आणि 'ट' तर्जनीचा. तर्जनी वाजवून झाल्यावर शाईवर रेंगाळली की पुढचा 'धा' उशिरा येतो. दोन, 'ताता' पासून खाली (तालाचा हलका भाग) सुरू होते, तिथे डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा तबला, बंद हवा, पण डाव्या हाताला घुमवायची सवय लागलेली असते. खालीच नाहीशी झाली की कायद्याचं तोंड आणि पाठ एकच ऐकू येतं.

विद्यार्थी यावर काय करतो? सगळा कायदा आणखी तासभर वाजवतो. चूक तासभर घोटली जाते आणि पक्की होते.

करायचं असं: फक्त 'तिट', पाच मिनिटं. मग 'धाधा तिट', मग 'तिट धाधा'. मेट्रोनोम साठवर. सलग तीन आवर्तनं निर्दोष झाली तर चारनं वाढवायचं, एक जरी अक्षर दबलं तर चारनं खाली. फोनवर ध्वनिमुद्रण करून अर्ध्या वेगानं ऐकायचं. वाजवताना कानाला जे समान वाटतं ते अर्ध्या वेगात उघडं पडतं. खांदा वर गेला की थांबायचं, कारण मनगटाचं काम कोपर करू लागलंय. अशी चाळीस मिनिटं झाली की डोकं शिणतं. तिथे नुसता ठेका धरून बसावं, किंवा उठावं.

उपजत गुण असतो, हे नाकारत नाही. दोन मुलांना एकच चूक दाखवली तर एकाची दोन दिवसांत जाते, दुसऱ्याची दोन महिन्यांत. पण दोन महिन्यांनी जाते! शिकवणारे पुष्कळदा दुसऱ्याला तिसऱ्या आठवड्यातच 'अंगात नाही' म्हणून बाजूला काढतात. याचं फार वाईट वाटतं.

पेशवेपार्क

आणि ते दहा हजार तासांचं काय? ते पुरे केले की कुणीही उस्ताद होतो म्हणतात.

आडातला_पोहरा

मूळ संशोधकांनी तो नियम मांडलाच नव्हता. एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास छापला. सर्वांत उत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या वर होता. ती सरासरी होती. त्या गटातही काही जण तेवढ्यापर्यंत पोचले नव्हते, आणि वीस वर्षांचे ते विद्यार्थी उस्ताद झालेले नव्हतेच. बुद्धिबळात गोबेट आणि कँपिटेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनाचे खेळाडू तपासले. मास्टर पातळी गाठायला कुणाला तीन हजार तास लागले, कुणाला तेवीस हजारांच्या वर. काही जण पंचवीस हजारांवर तास घालूनही पोचले नाहीत.

२०१४ मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली. माणसा-माणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सरावाच्या तासांनी बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात ४ टक्के फरक समजावून सांगता आला. 'शिक्षणात मेहनतीला चार टक्केच किंमत' असा याचा अर्थ लावू नका. हा आकडा माणसांमधल्या फरकाचा आहे. वर्गातले सगळेच दिवसाला आठ तास बसत असतील तर तासांमध्ये फरकच उरत नाही, आणि जिथे फरक नाही तिथे तो काहीही समजावून देऊ शकत नाही. शास्त्री रोडवर हेच झालंय. सगळेच मर मर मरतात, म्हणून शेवटची निवड दुसऱ्या कशावर तरी होते, आणि ते दुसरं बऱ्याचदा नशीब असतं.

बालेवाडी_ट्रॅक

मैदानावरचं लिहितो.

'हुशारी विरुद्ध मेहनत' असे दोन वेगळे डबे मैदानावर सापडत नाहीत. हेरिटेज नावाच्या मोठ्या अभ्यासात घरंच्या घरं घेऊन वीस आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम दिला. शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता कुणाची जवळजवळ काहीच वाढली नाही, कुणाची मिनिटाला एक लिटरच्या वर वाढली. या फरकातला जवळपास निम्मा भाग घराण्यात चालत आलेला निघाला. सरावाला शरीर किती दाद देतं, तेही अंगचंच असतं. म्हणून प्रशिक्षकानं पहिल्या दिवशीच्या वेळेवरून मुलगा निवडू नये. सहा ते आठ आठवडे सगळ्यांना एकच सराव द्यावा, दर दोन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच ट्रॅकवर १६०० मीटर पळवून घ्यावं, आणि वेळ किती उतरली ते बघावं. आज सहावा आलेला पण वीस सेकंद उतरलेला मुलगा पहिल्या आलेल्यापेक्षा मोलाचा असू शकतो.

दुसरं, निवडीच्या तारखा. क्रिकेटच्या वयोगटांना १ सप्टेंबर ही रेषा असते. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला एकाच गटात उतरतात, अंतर जवळपास वर्षाचं. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षात उंची, खांदे, सगळंच बदलतं. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगलं नेट, चांगला प्रशिक्षक, जास्त सामने मिळतात, आणि चार वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. मग सगळे म्हणतात, बघा, गुण होताच. कॅनडातल्या आइस हॉकीत हे १९८० च्या दशकातच दाखवून झालंय. निवड चाचणीत मुलांच्या छातीवरचे क्रमांक वयाच्या महिन्यानुसार लावले, तर निवड करणाऱ्याला दर चेंडूला आठवण राहते की हा धाकट्यांतला आहे. खर्च शून्य.

तिसरं, कुठली वाट समोर आली हे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, २०१५ मध्ये तिथे क्रॉसकंट्री पळू लागला, मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद. तीन हजार मीटर, २८ अडथळे, ७ पाण्यातल्या उड्या. अंगचा दम होता, मेहनत तर डोळ्यांनी दिसते. पण ती शर्यत त्याच्यासमोर आली, ते लष्करात पळणाऱ्याला ट्रॅक आणि प्रशिक्षक मिळतो म्हणून. असा दम असलेली किती पोरं कारखान्याच्या पाळीला लागली असतील, त्याची नोंद कुणाकडेच नाही.

आणि रेषेवरच्या नशिबाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पॅरिस २०२४. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, ६० गोळ्या, ६०० पैकी गुण, पहिले आठ अंतिम फेरीत. स्वप्नील कुसळेचे ५९०, सातवा. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचे ५८९, अकरावा. त्या अंतरावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक, एक जण कांस्य घेऊन आला आणि दुसऱ्याचं नाव आज किती जणांना आठवतं?

ओंकारेश्वर_घाट

शेवटचं वाक्य लागलं.

यावरून सत्कार समारंभांची आठवण होते. यशस्वी उमेदवार सांगतो, 'नोकरी सोडली, फोन बंद केला, चौदा तास अभ्यास केला.' हेच सगळं करूनही ज्याचं झालं नाही, त्याला कुणी माइक देत नाही. अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून तिथे पत्रा जाड करायचा विचार चालला होता. त्यानं सांगितलं की भोकं जिथे नाहीत तिथे जाड करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. 

मुलाखत घेणाऱ्यांनी कटऑफच्या पाच गुण खाली राहिलेल्या दहा जणांना तेच प्रश्न विचारावेत. दोन्हीकडे सारखं निघेल ते 'यशाचं रहस्य' म्हणून सांगू नये. फरक निघेल तेवढंच छापावं.

नवीपेठ_पहाट

दोन मुद्दे राहिलेत.

पहिला, हुशारीचा भाव नियम ठरवतो. पूर्वचा दुसरा पेपर, सीसॅट: ८० प्रश्न, १२० मिनिटं, प्रश्नाला दीड मिनिट, त्यात लांब उतारे. त्याचे गुण गुणवत्तेत धरले जायचे तेव्हा भरभर वाचणारा आणि गणिताची भीती नसलेला मुलगा पुष्कळ पुढे निघून जायचा. २०२२ पासून तो ३३ टक्क्यांचा पात्रता पेपर झाला, २०० पैकी ६६ पुरे. त्याच मुलाचं तेच डोकं, पण त्या गुणाचा भाव एका परिपत्रकानं उतरला. आता २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य वर्णनात्मक आहे: २५० गुणांचे सात पेपर म्हणजे १७५०, मुलाखत २७५, शिवाय मराठी आणि इंग्रजीचे पात्रता पेपर. गोल काळे करण्यातलं नशीब मुख्यमधून गेलं; तपासणाऱ्याचा हात आणि वैकल्पिक विषयाचा पेपर यांतलं नशीब आलं. लिहायचा सराव नसलेल्यानं आजपासून रोज एक उत्तर, घड्याळ लावून, हातानं लिहावं.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो बोलताना माझा आवाज चढतो. एका प्रयत्नात निवडीची शक्यता शंभरात तीस धरली, तर तीन प्रयत्नांत किमान एकदा निवड होण्याची शक्यता शंभरात सहासष्ट. प्रयत्न एकमेकांपासून अगदी सुटे नसतात, कारण कच्चे दुवे तेच राहतात, पण दिशा हीच. ज्याच्या घरून तिसऱ्या वर्षीही कॉट, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे येतात, त्यानं नशिबाची दोन तिकिटं जास्त घेतलेली असतात. दुष्काळात विहीर आटली म्हणून पहिल्याच वर्षानंतर गावी परतलेल्या मुलाला 'चिकाटी कमी पडली' म्हणणं अन्यायाचं आहे.

ठेका_विलंबित

याला जोडून एक. हात तयार झाला तरी नाव होईल याची हमी नाही. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॅट्स या संशोधकांनी २००६ मध्ये चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. आठ वेगळे गट केले, आणि प्रत्येकाला आपल्याच गटात कोणतं गाणं किती डाउनलोड होतंय तेवढं दिसे. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही झालं. मैफिलींची आमंत्रणंही अशीच फिरतात. म्हणून कलाकारानं एका मोठ्या मंचाची वाट बघत बसण्यापेक्षा वर्षाला वीस छोट्या बैठका कराव्यात. फासा जितका जास्त वेळा पडेल तितकं बरं.

मायक्रॉन_भोसरी

पोहरासाहेब, एक व्यवहारी प्रश्न. सराव पेपरात किती गुण येत असतील तर परीक्षेला निर्धास्त जावं? मुलं सगळ्यांत जास्त आलेला आकडा सांगत फिरतात.

आडातला_पोहरा

सगळ्यांत जास्त आलेला आकडा विसरा, त्यात तुक्के लागलेले असतात. आयोगाचेच जुने पेपर घ्या, दोन तासांचं घड्याळ लावा, पेपरच्याच वेळेला बसा. शेवटचे दहा पेपर धरा. समजा गुण असे: १०४, ११२, ९८, ११८, १०७, १०१, ११५, १०९, ९६, ११०. बेरीज १०७०, सरासरी १०७. आता पसारा काढा: प्रत्येक गुणातून १०७ वजा करा, वर्ग करा, बेरीज ४७० येते, नवानं भागा, वर्गमूळ घ्या. सव्वासात.

कटऑफ १०७ लागला तर काम नाण्यावर. १०० लागला तर शंभरात त्र्याऐंशी वेळा निघाल. ११२ लागला तर चारात एकदाच. सरासरीतून पसाऱ्याची दुप्पट वजा करा, इथे साडेब्याण्णव, आणि गेल्या काही वर्षांचे तुमच्या प्रवर्गाचे कटऑफ त्याच्या खाली आहेत का बघा. नसतील तर दोन वाटा आहेत. सरासरी वाढवायची, म्हणजे न वाचलेले विषय वाचायचे. किंवा पसारा कमी करायचा, म्हणजे '२' खुणेचे प्रश्न वीसवरून बारावर आणायचे. दुसरी वाट बहुतेकांना जवळची पडते, कारण ते सगळं एकदा वाचून झालेलंच असतं. फक्त नीट आठवत नाही.

नवीपेठ_पहाट

आजच्या पेपरात '२' खुणा सव्वीस आल्या, त्यांतल्या अकरा बरोबर.

वहीतली_चूक

मग उरलेल्या पंधरांचा तिसरा रकाना आज रात्रीच भरा. उद्यापर्यंत थांबलात तर का निवडलं होतं ते आठवणार नाही.